धागा : १९७७ च्या सिनेमासाठी फियाट पाहिजे. पडद्यावर खरी दिसायला आणि रिटेकला न थांबायला काय करावं?

मोरेवाडीकर

नमस्कार मंडळी. एका मराठी सिनेमाच्या कलाविभागासाठी हा धागा काढतोय. कथेचा काळ १९७७. घरची गाडी फियाट, पटकथेत ‘फिकट निळी’ एवढंच लिहिलंय. गाडी सांगलीहून येणार आहे, मालक म्हणतात चालू आहे. कोल्हापूरच्या चित्रनगरीत सेटवर उभी आणि चालती अशी दोन्ही दृश्यं आहेत, मंगळवार पेठेतल्या एका बोळात रात्रीचं काम आहे आणि पन्हाळा रस्त्याला वाघबीळच्या चढावर गाण्याचा एक तुकडा. आत बसलेल्या दोघांचे संवाद समोरच्या काचेतून घ्यायचे आहेत.

विचारायचं ते असं : १९७७ ला नेमकी कुठली फियाट चालते? गाडीवरचं काय काढायचं, काय लावायचं? टेक-रिटेकमध्ये तापून बसू नये म्हणून आधी काय करून घ्यायचं? आणि लहान गाडी नीट वापरलेले सिनेमे सुचवा, दिग्दर्शकांना दाखवायचे आहेत.

जुनी_जाळी

आधी सालाचं मिटवू, कारण चूक तिथंच होते आणि प्रेक्षक तिथंच पकडतात.

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समधून फियाट ११०० ची पहिली पिढी १९५४ पासून यायला लागली. गोल पाठ, आणि पुढचे दरवाजे उलटे उघडणारे, म्हणजे बिजागरी मधल्या खांबाला. आपल्याकडची डुक्कर फियाट ती हीच. १९६४ ला ११०० डी उर्फ डिलाइट आली. आज पद्मिनी म्हटल्यावर जो चौकोनी साचा डोळ्यापुढे येतो तो या डिलाइटचा. १९७२ ला तिचं नाव प्रीमियर प्रेसिडेंट झालं, १९७४ ला पद्मिनी. त्याच साच्यात थोडेफार बदल होत ती २००० च्या सुमारापर्यंत बनत राहिली.

म्हणजे १९७७ च्या घरासमोर तीन गाड्या उभ्या राहू शकतात : वीस वर्षांची डुक्कर, दहा-बारा वर्षांची डिलाइट, किंवा कोरी पद्मिनी. तिन्ही बरोबर, पण तिघींचा अर्थ वेगळा. त्या काळात नव्या फियाटसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून थांबावं लागायचं. कोरी करकरीत पद्मिनी दारात म्हणजे घरात पैसा आहे किंवा वशिला. शिक्षकाचं किंवा कारकुनाचं घर असेल तर जुनी डिलाइट घ्या, पटकथेला न विचारता आधार मिळतो.

आता सांगलीहून येणारी गाडी कुठल्या सालची आहे ते आरसी बुकात बघा, मालकाच्या बोलण्यात नको. गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली असला पाहिजे. खाली जमिनीवर दांडा आणि पुढे दोन सुट्या खुर्च्या दिसल्या तर ती नव्वदीतली गाडी, तुमच्या कामाची नाही. पुढे सलग एकच बाक असतो, तो तसाच हवा. कव्हर रेक्झिनचं. आजच्या मखमली कव्हराखाली मूळ रेक्झिन शाबूत सापडतं बऱ्याचदा, आधी उचकटून बघा.

जाळी, बंपर, मागचे दिवे हे तिन्ही एकाच काळाचे आहेत का ते तपासा. पन्नास वर्षं चाललेल्या गाडीवर मिळेल तो भाग चढवलेला असतो. मूळ मॅन्युअलमधला फोटो किंवा त्या वर्षाची जाहिरात शेजारी ठेवून एकेक भाग जुळवायचा, आठवणीवर जायचं नाही.

मोरेवाडीकर

जुनी_जाळी, आरसी १९७५ ची आहे. दांडा स्टिअरिंगखालीच. काढायच्या वस्तूंची यादी मिळेल का?

जुनी_जाळी

समोरच्या काचेवरचा फास्टॅग सगळ्यात आधी. हसू नका, तोच राहतो. मग पीयूसीचे आणि सर्व्हिसचे स्टिकर, काचांवरची काळी फिल्म, एलईडी बल्ब (हेडलाइटचा उजेड पिवळट हवा, पांढराशुभ्र नको), स्टिरिओ, मागच्या फळीतले स्पीकर, मोबाइल चार्जर, डाव्या दाराचा आरसा, प्लास्टिकचे व्हीलकॅप. आजच्या टायरवरची ठळक पांढरी किंवा उठावाची अक्षरं आडव्या उजेडात स्पष्ट वाचता येतात. टायर एकाच दिशेनं फिरवायचा नसेल तर उलटा चढवून अक्षरांची बाजू आत घ्या, नाहीतर काळं बूटपॉलिश.

नंबरप्लेट : आजची एमएच-०९ वगैरे मालिका १ जुलै १९८९ ला नवा मोटार वाहन कायदा लागू झाल्यानंतरची. त्याआधी तीन अक्षरं आणि पुढे आकडे. मुंबई राज्याच्या वेळी सुरुवात ‘बी’ ने, महाराष्ट्र झाल्यावर ‘एम’ ने. खासगी गाडीला काळी पाटी, पांढरी अक्षरं. टॅक्सीला उलट, पांढऱ्या पाटीवर काळी. अक्षरं हाताने रंगवून घ्या. संगणकावर कापलेली व्हिनाइलची अक्षरं कडेला इतकी सरळ असतात की डोळ्यात भरतात. गंगावेशीत नाहीतर लक्ष्मीपुरीत अजून ब्रश धरणारे पेंटर मिळतील.

हेडलाइटच्या काचेवर वरच्या अर्ध्या भागाला किंवा मधोमध ठिपक्याएवढा काळा रंग लावायची तेव्हा पद्धत होती. तो तपशील स्वस्त आहे आणि काळ लगेच उभा करतो.

मागच्या रस्त्याकडंही लक्ष ठेवा. मारुती ८०० पहिल्यांदा १४ डिसेंबर १९८३ ला रस्त्यावर आली. १९७७ च्या फ्रेममध्ये ॲम्बेसेडर, हेराल्ड, जीप, लँब्रेटा, बजाज, राजदूत, बुलेट, लुना हे सगळं चालतं. आणि सायकली, भरपूर सायकली.

पाटे_आणि_पाना

मालक म्हणत्यात चालू हाय, म्हंजे गल्लीत एक चक्कर मारती, एवढाच अर्थ घ्या भावा. शूटिंगला गाडी चालवायची नस्ती, थांबवायची अस्ती. चालू कर, दहा फूट पुढं, कट, मागं घे, बंद कर, परत चालू. ह्येच्यात बॅटरी, क्लच आणि पाणी तिन्हींचा जीव जातो. वर उद्यमनगरातल्या वर्कशॉपवाल्या मंडळींनी लिहिलं तर बरं हुईल.

उद्यमनगर_लेथ

लिहितो. क्रम असाच ठेवा : ब्रेक, पेट्रोल, पाणी, वीज. इंजिनाची ताकद शेवटी. १०८९ सीसीचं साधं इंजिन आहे, साफ पेट्रोल आणि वेळेवर ठिणगी मिळाली की चालतं.

ब्रेक. चारी चाकांना ड्रम, आणि जुन्या गाड्यांत तेलाचं सर्किट एकच. म्हणजे एका चाकाचा सिलिंडर गळला की चारी चाकांचा ब्रेक जातो, पॅडल थेट तळाला. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की व्हील सिलिंडरमध्ये पाणी धरतं, भोकात गंज चढतो, रबरी कप फाटतो. बाहेरून काही कळत नाही. म्हणून चारी ड्रम उतरवून बघायचेच. सिलिंडर ओला असेल तर नुसतं रबरी कपांचं किट घालू नका. आत नखाला लागेल एवढा खड्डा असेल तर नवं किट आठवड्यात गळेल. सिलिंडर बदला, किंवा आत स्लीव्ह बसवून घ्या, उद्यमनगरात हे काम होतं. मास्टर सिलिंडरचं तेच. रबरी होजपाइप तीन, तिन्ही बदला. जुना होज आतून फुगून बंद होतो, मग ब्रेक दाबला जातो पण सुटत नाही आणि ड्रम तापतो. तेल डॉट ३, जुनं सगळं बाहेर काढून. तेलात अडकलेली एअर काढताना मास्टर सिलिंडरपासून लांबचं चाक आधी : मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. शेवटी शू ॲडजस्ट करून चाक हाताने फिरवून बघा, किंचित घासून सुटलं पाहिजे.

पेट्रोल. टाकीत जुनं पेट्रोल असेल तर ते पूर्ण काढा. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी ओढतं, टाकीच्या तळाला गंज सोडवतं आणि जुन्या रबराला फुगवतं. मग तीन ठिकाणी त्रास होतो : टाकीपासून पंपापर्यंतचा रबरी पाइप, मेकॅनिकल पंपाचा डायफ्रॅम आणि कार्ब्युरेटरच्या फ्लोटची सुई. पाइप इथेनॉलला टिकणारा घ्या, दुकानदाराला ‘फ्युएल इंजेक्शनचा’ म्हणून मागा, साधा काळा नको. पंपाचं किट बदला. पंपाच्या आधी पारदर्शक फिल्टर लावा, त्यात गंज जमताना दिसतो. शूटिंगला तो बोनेटखाली राहतो, दिसत नाही. टाकी उतरवून आत मूठभर नट आणि थोडं डिझेल घालून हलवून धुतली तर उत्तम. कार्ब्युरेटरचे जेट तारेनं खरवडू नका, हवेच्या प्रेशरनं साफ करा. तार घातली की भोक मोठं होतं आणि मग गाडी काळा धूर सोडते.

पाणी. ह्या गाडीचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. इंजिन हळू, तर पंखा हळू. रस्त्यावर वारा मिळतो म्हणून चालतं. सेटवर गाडी उभी, इंजिन चालू, वर दिवे, वारा शून्य. तापणारच. रेडिएटर उलट बाजूनं फ्लश करा, खालच्या नळीतून पाणी घालून वरून काढा. पाणी गढूळ येत राहिलं तर रेडिएटर उघडून नळ्यांत कांडी मारून घ्या. पंख्याचा पट्टा अंगठ्यानं दाबला तर एक-दीड सेंटिमीटर दबावा. जास्त ढिला असेल तर पंखा घसरतो, जास्त ताठ असेल तर वॉटर पंपाचं बेअरिंग जातं. वरची-खालची बेंड पाइप दोन्ही बदला, जुनी असतील तर फाटणार ती घाटातच. ठिणगीचं टायमिंग मागे असेल तरी गाडी तापते, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. सगळे रेडिएटरच्या मागे लागतात.

आणि पुढे जाळीमागे जादा इलेक्ट्रिक पंखा लावायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. जाळीतून तो दिसतो, आणि बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनामोला ते ओझं पेलत नाही.

वीज. प्लगचं अंतर ०.६ मिमी, पॉइंटचं (डिस्ट्रिब्युटरमधल्या उघडझाप होणाऱ्या संपर्कांचं) ०.४ ते ०.५. पॉइंट पातळ पॉलिश पेपरनं साफ करून अंतर फीलर गेजनं बघा, नजरेनं नको. जादा कंडेन्सर आणि कॉइल खोक्यात ठेवा. ही दोन गरम झाल्यावर मरतात, थंड झाल्यावर परत जिवंत होतात, त्यामुळे सकाळी मेकॅनिकला दोष सापडत नाही आणि दुपारी शूटिंग थांबतं.

तांबडा_पांढरा_चष्मा

सिनेमांबद्दल मी लिहितो, पानाकाम माझं नव्हे.

तुमच्या दिग्दर्शकांना एकच दाखवायचा असेल तर २०१४ चा तमिळ ‘पन्नैयारुम पद्मिनियुम’. एस. यू. अरुण कुमार यांचा, त्यांनी आधी याच नावाची शॉर्टफिल्म केली होती. गावातले जमीनदार, त्यांची बायको, विजय सेतुपती ड्रायव्हर आणि मधोमध पद्मिनी. गाडी कुठंही उडत नाही, पाठलाग नाही. सगळा सिनेमा दार उघडणं, पुसणं, वाट बघणं यावर चाललाय. तुमच्या कामाला हाच जवळचा.

त्याच्या अगदी उलट टोकाला २००६ चा ‘टॅक्सी नं. ९२११’. तिथं नाना पाटेकरांची काळी-पिवळी म्हणजे ऑफिस, राग काढायची जागा आणि हत्यार. गाडीच्या आत कॅमेरा किती जवळ जाऊ शकतो ते बघायला चांगला.

बाहेरचे. १९६९ चा ‘द इटालियन जॉब’, मिनी कूपर, लाल-पांढरी-निळी. गंमत म्हणजे मिनीचे उत्पादक मदतीला फारसे उत्सुक नव्हते आणि तुरीनमध्ये दार उघडलं ते फियाटने. लिंगोत्तो कारखान्याच्या छतावरची फियाटची टेस्ट ट्रॅक त्यात दिसते. तुरीनच्या गटारातला म्हणून दाखवलेला पाठलाग मात्र इंग्लंडात कॉव्हेंट्रीजवळच्या मोठ्या सांडपाणी नळात घेतलाय. हे मुद्दाम सांगतो, कारण तुम्हीही पेठेचा बोळ चित्रनगरीत आणि चित्रनगरी पेठेत जोडणार आहात. भिंतीचा पोत आणि ओल जुळली की प्रेक्षक विचारत नाही.

१९६८ चा ‘द लव्ह बग’, ५३ नंबरची बीटल. यातला एक तांत्रिक तपशील तुमच्या कामाचा : गाडीच्या आतला भाग चमक न मारणाऱ्या करड्या रंगानं रंगवला होता, दिव्यांचं प्रतिबिंब कॅमेऱ्यात येऊ नये म्हणून. पद्मिनीच्या डॅशबोर्डचा वरचा पत्रा गुळगुळीत असतो आणि तो थेट समोरच्या काचेत उमटतो. तिथं काळं मॅट कापड टाकलं तरी निम्मं काम होतं.

फियाट ५०० बघायची असेल तर १९७९ चा मियाझाकींचा ‘कॅसल ऑफ कॅग्लिओस्ट्रो’, आणि २०२३ चा ‘मिशन इम्पॉसिबल’, रोमच्या गल्ल्यांतली पिवळी. ती गाडी जेमतेम तीन मीटर लांब. पद्मिनी साधारण ३.९ मीटर लांब आणि दीड मीटरच्या आतबाहेर रुंद. म्हणजे आपल्या बोळात ती ‘लहान गाडी’ वाटणार नाही, उलट अडकल्यासारखी दिसेल. दृश्याला तेच हवं असेल तर ठीक, नाहीतर बोळ आधी टेपनं मोजा आणि दोन्ही दारं उघडतील एवढी जागा धरा.

घाटमाथा_ग्रिप

काचेतून संवाद घेणार म्हणालात, तर तीन वाटा आहेत. बोनेटवर कॅमेरा, दाराला कॅमेऱ्याचा ट्रे, किंवा गाडी ट्रेलरवर चढवून पुढच्या गाडीतून.

बोनेटवर सक्शन कप लावायचे तर आधी पत्रा ठोकून आवाज ऐका. खणखणीत आला तर पत्रा, बद्द आला तर आत लांबी (पुटी) भरलेली. लांबीवर सक्शन लावलं तर रंगासकट पापुद्रा निघून येतो, आणि कॅमेरा रस्त्यावर. जाड थर असेल तिथं लोहचुंबकही धरत नाही, ती दुसरी खूण. मालकासमोरच तपासा आणि फोटो काढून ठेवा, नंतर ‘तुम्ही उखडलं’ म्हणून वाद नको. जागा स्पिरिटनं पुसा, वॅक्स-पॉलिशवर कप घसरतो. ऊन चढलं की पत्रा तापून कपाची हवा सुटते, म्हणून प्रत्येक टेकच्या आधी कपाची पिन बघायची. आणि कप कितीही घट्ट असो, दोन सेफ्टी पट्टे वेगळे. ते बंपरला नाही, खालच्या क्रॉसमेंबरला, म्हणजे सांगाड्याच्या आडव्या तुळईला. ह्या वयाच्या बंपरची बोल्टं गंजलेली असतात.

दाराच्या ट्रेला एक अडचण आहे. फियाटची बिजागरी झिजलेली असते, दार उघडलं की बोटभर खाली येतं. त्यावर वजन दिलं तर दार बसणारच नाही. बिजागरीची पिन बदलून घ्या, किंवा दार आतून दोरीनं बांधून त्या दिवशी उघडायचंच नाही असं ठरवा.

माझं मत ट्रेलरला. नट गाडी चालवत संवाद म्हणतोय, समोर काचेवर कॅमेरा, गाडी पन्नास वर्षांची, ब्रेक एकाच सर्किटचे. कशाला? इंजिन बंद, आवाज स्वच्छ, नट मोकळा. फक्त ट्रेलर ठेंगणा हवा. उंच असला तर खिडकीतून मागचा रस्ता वरून दिसतो आणि खोटेपणा कळतो.

पाटे_आणि_पाना

ट्रेलरवर बसवून नट स्टिअरिंग डावीउजवीकडं हलवत बसतोय, रस्ता सरळ. ते बी सांगा की त्येला.

घाटमाथा_ग्रिप

खरंय. चढाच्या वळणांचा एक व्हिडिओ काढून नटाला दाखवा, आणि सहायकानं हळू आवाजात ‘डावं… सरळ… उजवं’ म्हणत राहायचं.

मोरेवाडीकर

समोरची काचच काढली तर? प्रतिबिंबाचा प्रश्नच मिटेल.

उद्यमनगर_लेथ

निघते, आणि तासाभराचं काम आहे, पण घाईनं केलं तर काच गेली. जुनी काच मिळवणं सोपं नाही, म्हणून सांगतो.

वायपरचे हात आणि आतला आरसा काढा. रबरावर चकचकीत पट्टी असेल तर ती आधी, लाकडी फळीच्या टोकानं, स्क्रूड्रायव्हरनं नको, वाकली की परत सरळ होत नाही. रबराच्या दोन्ही कडांना साबणाचं पाणी सोडा आणि थांबा. रबर दगडासारखं झालं असेल तर गरम पाण्याच्या फडक्यानं शेकून घ्या. मग आत बसून वरच्या एका कोपऱ्यापासून रबराची आतली ओठ बोथट लाकडानं पत्र्याच्या कडेवरून बाहेर सारत जा. तळव्यानं दाबा, मुठीनं नाही. बाहेर दोघं काच झेलायला हवेत.

परत बसवताना रबर आधी काचेवर चढवायचं. पत्र्यात बसणाऱ्या खाचेत चार-पाच मिमीची नायलॉन दोरी सगळीकडून फिरवा, टोकं खालच्या बाजूला मध्यावर एकमेकांवर हातभर चढवून आत सोडा. खाचेला भरपूर साबण. बाहेरून काच चौकटीवर धरून तळव्यानं दाबत राहायचं आणि आतून दोरी ओढत जायची. दोरी निघते तशी ओठ पत्र्यावर उलटते. शेवटचा कोपरा अडतो, तिथं जोर न लावता परत साबण. सुतळी वापरू नका, ओली झाली की तुटते आणि अर्धी आत राहते.

काच काढलेली गाडी स्वतःच्या इंजिनावर रस्त्यावर पळवू नका. खडा उडाला तर थेट डोळ्यात. ट्रेलरवर, हळू. आणि केस उडायला लागले की प्रेक्षकाला काच नाही हे कळतं, त्यामुळे वेग बेतानंच.

तांबडा_पांढरा_चष्मा

प्रतिबिंबासाठी काच काढण्याआधी कॅमेऱ्याला पोलरायझर (प्रतिबिंब कमी करणारा फिल्टर) लावून बघा. आणि कधीकधी काचेवरून सरकणारी झाडं हीच त्या दृश्याची जान असते. सगळं पुसून टाकलं तर गाडी स्टुडिओत उभी वाटते.

नियमाची_पाटी

कागदाचं बोलू का? गाडी १९७५ ची, म्हणजे पन्नाशी पार. मालकांनी तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी करून घेतली असेल तर सावध. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी मालिका मिळते, पण अशी गाडी रस्त्यावर रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच सूट. भाड्यानं शूटिंग म्हणजे व्यावसायिकच. तेव्हा ती सांगलीहून ट्रेलरवर आणा आणि काम चित्रनगरीच्या आवारात करा. घाटाचं आधी आरटीओत लेखी विचारून घ्या.

साधी खासगी नोंदणी असेल तर पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फेरनोंदणी लागते, तिची तारीख बघा. विमा फक्त थर्ड पार्टी असेल तर गाडीचं नुकसान निर्मात्याच्या अंगावर, म्हणून शूटिंगचा वेगळा विमा.

आणि ती रंगवलेली जुनी नंबरप्लेट : सेटवर, किंवा परवानगीनं बंद केलेल्या रस्त्यावरच. दृश्य संपलं की खरी पाटी परत. हाय सिक्युरिटी प्लेटचं कुलूप एकदा तुटलं की नवीन घ्यावी लागते, म्हणून ती काढू नका. तिच्यावर पातळ पत्र्याची खोटी पाटी क्लिपनं बसवा.

शाहूपुरी_रंगशाळा

रंगाचं कोणी बोललं नाही. गाडी सध्या कुठल्या रंगाची आहे?

मोरेवाडीकर

पांढरी.

शाहूपुरी_रंगशाळा

मग बरं आहे. सोलून काढता येणारा रबरी रंग मिळतो, तो मारा. चार-पाच हात पाहिजेत. पातळ मारला तर काढताना सोलत नाही, तुकडे तुकडे होतात आणि पेट्रोलनं पुसत बसावं लागतं, त्यात खालचा रंग जातो. दाराच्या आतल्या कडा, डिकीची कड, पेट्रोलच्या झाकणाची आतली बाजू विसरू नका. दार उघडलं आणि आत पांढरं दिसलं की संपलं. हा रंग मुळात मॅट असतो. १९७७ ची घरची गाडी रोज पुसलेली असणार, तर वर त्याचाच चमक देणारा हात द्या. आजच्या गाडीसारखी आरशाची चमक मात्र नको.

धूळ पाहिजे असेल तर मुलतानी माती. कोरडी, मलमलच्या पुरचुंडीतून थापटत. ओल्या गाडीवर टाकली तर चिखलाचे ओघळ येतात. क्रोमच्या बंपरवर दिवे चमकले तर डलिंग स्प्रे, तो नसेल तर पावडरचा हलका हात. काम झाल्यावर लगेच पुसा, रात्रभर दव बसलं तर क्रोमवर डाग धरतो.

जुनी_जाळी

फिकट निळ्याला हरकत नाही, पण डीओपींना (छायाचित्रकारांना) विचारा. रात्रीच्या पिवळ्या दिव्यात फिकट निळा राखाडी दिसतो. पेठेतल्या दृश्याला गाडी ओळखू यायला हवी असेल तर कपड्याच्या तुकड्यावर आधी चाचणी घ्या.

आवाजबंद

साउंडच्या माणसाचं थोडं. फियाटची दारं, गिअर टाकताना दांड्याचा तो खटका, सेल्फचा आवाज आणि हॉर्न हे सगळं शूटिंगच्या दिवशी वेगळं रेकॉर्ड करून घ्या. गाडी परत गेली की मिळणार नाही. शांत जागी, शक्यतो पहाटे चित्रनगरीत, चारी दारं एकेक करून, काच वर असताना आणि खाली असताना. डॅशबोर्डचा खुळखुळाट टेकच्या वेळी नको असेल तर फटीत स्पंजाचे तुकडे कोंबा.

मोरेवाडीकर

नटाला स्टिअरिंगवरचा गिअर माहीत नाही. किती सराव लागेल? आणि वाघबीळच्या दिवसाचं शेवटचं सांगा, बरोबर काय ठेवू?

उद्यमनगर_लेथ

सराव वेगाचा नको, फक्त न्यूट्रल आणि पहिला. ह्या बॉक्सला पहिल्या गिअरला सिंक्रो (गिअरचा वेग जुळवून घेणारी रचना) नाही, त्यामुळे गाडी पूर्ण थांबल्यावरच पहिला टाकायचा. चालत्या गाडीत टाकला तर करकर होते, आणि ती करकर पडद्यावर ऐकू येते. दांड्याच्या खालच्या जोडाचे बुश झिजले असतील तर दोन गिअर एकदम अडकतात आणि दांडा हलत नाही. मग बोनेट उघडून स्टिअरिंगच्या नळीखालचे दोन लिव्हर हाताने मध्यावर आणले की सुटतं. ड्रायव्हरला हे आधी दाखवून ठेवा आणि बुश बदलून टाका, किरकोळ काम आहे.

वाघबीळ : कोल्हापूर ते पन्हाळा वीसेक किलोमीटर आणि चढ साधारण चारशे मीटर. शहरातून गाडी चालवत नेऊच नका, ट्रेलरवर न्या, म्हणजे पहिल्या टेकला इंजिन थंड असतं. एकच वळण निवडा. चढताना दुसरा गिअर, पाय अर्धा. कट झाला की लगेच चावी बंद करू नका. उभ्या इंजिनात पाणी फिरायचं थांबतं आणि पंपातलं पेट्रोल उकळून वाफ धरते. दोन मिनिटं बोनेट उघडून हळू चालू ठेवा, मग बंद. तरी वाफ धरलीच तर पंपावर ओलं फडकं, दहा मिनिटं थांबा. सेल्फ मारत बसू नका, बॅटरी जाईल. पेट्रोलचा वास येत असेल तर ओव्हरफ्लो झालंय : ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा, पंप करू नका, आणि सेल्फ मारा.

रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, कोणी कितीही घाई करो. वाट बघून, जाड फडकं ठेवून, अर्धा आटा आधी.

उतरताना ब्रेकवर पाय ठेवून येऊ नका, ड्रम तापून पकड जाते. ज्या गिअरात चढली त्यातच उतरवा. मागे चाकाला लावायला लाकडी ठोकळे दोन, प्रत्येक टेकला, हँडब्रेकवर विश्वास नको.

खोक्यात : पंख्याचा पट्टा, वरची-खालची बेंड पाइप क्लिपांसकट, पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, चार प्लग, पंपाचं किट, ब्रेकचं तेल, चार्ज केलेली दुसरी बॅटरी आणि जाड जंप केबल, वीस लिटर पाणी, पाच लिटर पेट्रोल धातूच्या कॅनमध्ये, पेट्रोलच्या आगीला चालणारं अग्निशामक. टायर बघताना बाजूच्या ठशातले शेवटचे चार आकडे वाचा, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी कितीही शाबूत असो, सात-आठ वर्षांपुढचा असेल तर बदला. पुढच्या चाकांच्या किंगपिनच्या निपलांना आदल्या दिवशी ग्रीस.

पाटे_आणि_पाना

आणि डायनामो हळू इंजिनावर चार्ज करत न्हाई, हे लिहायचं ऱ्हायलं. दिवसभर दहा फुटांचे टेक म्हंजे बॅटरी नुसती उतरतच जाणार. जेवणाच्या सुट्टीत चार्जरला लावा. चित्रनगरीत विजेचा पॉइंट मिळतोय, वाघबीळला जनरेटरवाल्याला आधीच सांगून ठेवा.

मोरेवाडीकर

मालकांशी बोललो. नोंदणी साधी आहे, व्हीए नाही, फेरनोंदणीची मुदत शिल्लक आहे. ड्रम उतरवायला तयार आहेत, पण सांगलीतच, त्यांच्या मेकॅनिककडं. चालेल ना?

उद्यमनगर_लेथ

चालेल. फक्त चारी व्हील सिलिंडर उघडे असतानाचे फोटो मागवा, आणि गाडी इकडं आल्यावर ट्रेलरवरून उतरवायच्या आधी पॅडल एक मिनिट दाबून धरून बघा. हळूहळू खाली जात असेल तर मास्टर सिलिंडर, मग गाडी उतरवूच नका.